घुमा मुऱ्हाळी

आमच्या घरात कुणाला आनंद झाला की तो तीन घरं पलीकडे कळायचा, आणि राग आला तर थेट नदीच्या पाणवठ्यापर्यंत. आबा पलटणीतून सुभेदार होऊन परतले होते आणि परेडच्या मैदानावरचा आवाज पेन्शनीबरोबर घेऊन आले होते. जेवताना ते "मीठ!" म्हणाले की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवायची. आई सांगलीकडची. तिच्या माहेरची माणसं कृष्णेच्या ह्या काठावरून त्या काठावर गप्पा मारतात, त्यांना होडी लागत नाही, असं आबा तिला चिडवायचे आणि ती चुलीपुढून न उठता त्यांच्या सात पिढ्यांचा समाचार घ्यायची. तिला रडू आलं तर ती नुसती रडत नसे. आज रडू का आलं, त्याच्या आधी काय झालं, त्यात कोण काय म्हणालं, हे सगळं सुरात सांगत रडायची, आणि हात भाकरी थापत असायचे. त्या सगळ्या प्रकारात भाकरी एकदाही करपली नाही. माझा थोरला भाऊ, दादा, हाही आबांच्या मागोमाग पलटणीत गेलेला. रजेवर आला की भेटेल त्याच्या पाठीत धपाटा घालून "काय गड्या!" म्हणायचा, आणि रजा संपून निघाला की एस.टी.च्या खिडकीतून डोकं बाहेर काढून अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा रडायचा. उंब्रजच्या स्टँडवरचे कंडक्टर त्याला ओळखायचे.

अशा घरात मी शेंडेफळ म्हणून जन्माला आलो आणि बोलेचना. जीभ जड आहे की काय म्हणून आईनं मला कुठल्या कुठल्या देवाला नेलं, वेखंड उगाळून चाटवलं. जीभ चांगली होती. शाळेत कविता म्हणायचो, हिशेब सांगायचो. फक्त आतलं काही बाहेर काढायची वेळ आली की गाडी अडायची. मला वाटायचं फार. पण वाटणं आणि बोलणं यांच्यामध्ये माझ्याकडे एक लांबच लांब बोळ होता, आणि शब्द त्यातून चालत दारापर्यंत येईस्तोवर समोरचं माणूस उठून गेलेलं असायचं. आमच्याकडे अशा माणसाला घुमा म्हणतात. माझं नाव सदाशिव आहे हे गावात मास्तरांशिवाय फारसं कुणाला ठाऊक नसावं.

दुसऱ्याच्या मनातलं मात्र मला कधी कधी आधीच कळायचं. कसं, ते विचारू नका, मलाही सांगता येत नाही. आबांनी एकदा म्हैस विकायचं ठरवलं. कुणाला बोलले नव्हते. पण त्या आठवड्यात ते तिची पाठ जरा जास्त वेळ खाजवत होते, आणि मला कळलं की म्हैस जाणार. मी गेलो आणि गोठ्यात बसून राहिलो. म्हैस गेली त्या दिवशी सगळं घर गळा काढून रडलं आणि मी कोरडा. माझं रडून आधीच झालं होतं, तेही आतल्या आत, त्यामुळे त्याची कुठं नोंद नव्हती. परवा माझ्या नातीनं मोबाइलवर मला ढीगभर प्रश्न विचारले, 'पार्टीत तुम्ही काय करता' वगैरे, आणि शेवटी इंग्रजीतली चार अक्षरं दाखवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही हे आहात. आत खूप वाटतं, बाहेर दिसत नाही, आणि न सांगता कळतं." मी म्हटलं, "बरं." ती म्हणाली, "बघा, ह्या टाइपची माणसं अशीच 'बरं' म्हणतात." चार अक्षरं लक्षात राहिली नाहीत. आमच्याकडे 'घुमा' ही दोनच होती आणि त्यात भागत होतं.

अक्का माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, आणि घरातल्या सगळ्या आवाजांत तिचा आवाज वरचा. ती झाडायला लागली की केरसुणीबरोबर गाणं, पाणी शेंदायला लागली की राटाबरोबर गाणं, आणि गाणं नसेल तेव्हा भांडण. तिच्या हातात भरून बांगड्या असत, त्यामुळे ती गप्प बसली तरी कुठं आहे ते कळायचं. श्रावणात पंचमीला आमच्या मळ्यातल्या चिंचेला झोका बांधायचा, तो मी बांधायचो. वेताळागत झाडावर चढणं आणि गाठी मारणं ही दोन कामं मला बोलल्याशिवाय करता येत होती. मी वर बसून दोर आवळायचो आणि अक्का खाली उभी राहून ओरडायची, "ए घुम्या, पडंन का रं मी?" मी मान हलवायचो. मग ती झोक्यावर उभी राहायची आणि असा जोर करायची की पाय पानांना लागत, आणि खाली बायका छातीवर हात ठेवायच्या. ती कधी पडली नाही.

अक्काचं लग्न माण तालुक्यात झालं, म्हसवडच्या अलीकडच्या एका वाडीत. आमच्या बाजूला ऊस, पाट आणि चिखल, त्या बाजूला माळ, बाजरी आणि शेळ्या. गावातले लोक म्हणाले, पाण्यातली पोरगी कोरड्यात का देता? पण दाजी मुंबईला गिरणीत होते, माणूस सरळ, आणि मध्यस्थ आबांच्या पलटणीतला दोस्त. आबांना तिथंच पटलं. पाठवणीच्या वेळी आमच्या दारात जो कल्लोळ झाला तो मी सांगायला नको. आई सुरात रडत होती, दादा भिंतीवर डोकं टेकून रडत होता, आबा रडता रडता वऱ्हाडाच्या ट्रकवाल्याला ट्रक मागं घ्यायला सांगत होते. अक्का एकेकाच्या गळ्यात पडत माझ्यापर्यंत आली, तर मी जागेवर नव्हतो. मी ट्रकवर चढून तिच्या लोखंडी ट्रंकेचा दोर तपासत होतो. एकदा तपासला होता. पुन्हा तपासला. माणच्या रस्त्याला खड्डे फार, असं मनात येत होतं. अक्कानं खालून वर पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "समद्यास्नी रडू आलं. ह्याला मातूर न्हाई." ट्रक निघून गेला. त्या वाक्यावर मला काही सांगायचं होतं, पण तुम्हाला बोळाचं ठाऊकच आहे.

लग्नानंतरची पहिली पंचमी म्हणजे माहेरची. भावानं जायचं आणि बहिणीला घेऊन यायचं. ह्या आणायला जाणाऱ्याला मुऱ्हाळी म्हणतात. त्याचं काम वाटतं तितकं सोपं नाही. शिदोरी घेऊन जायचं, सासूची विचारपूस करायची, ख्यालीखुशाली सांगायची, गोड बोलून, हसवून, वेळेला हात जोडून लेकीला सोडवून आणायची. त्या वर्षी दादा रजेवर होता. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी एकटाच परत आला, रागानं लाल होऊन. अक्काची सासू म्हणे दगड आहे. दादानं तिच्यापुढं तासभर तोंड वाजवलं, विनवण्या केल्या, चेष्टा केली, आणि बाईनं एक शब्द न बोलता उठून आत जाऊन दार लोटून घेतलं. "पाव्हण्याच्या तोंडावर दार!" दादा म्हणाला. तो थोडा वेळ अंगणात उभा राहिला आणि शिदोरी ठेवून निघून आला. पुढच्या वर्षी दादाला रजा नव्हती, म्हणून आबा स्वतः गेले. आबांनी विहिणीपुढं उभं राहून विचारलं, "पोरगी धाडणार का न्हाई, एका शब्दात सांगा." तिनं एका शब्दात सांगितलं, "न्हाई." आबा जे परतले ते त्या घरची पायरी चढणार नाही असं सबंध एस.टी.ला ऐकवत परतले. मग दिवाळीला कोण जाणार, संक्रांतीला कोण जाणार? दोन वर्षं अक्का आली नाही. दाजी आणि सासरे दोघंही मुंबईला, तिथल्या खोलीत गावचीच माणसं दाटीवाटीनं राहायची, त्यामुळे अक्का वाडीवरच. ती आणि ती सासू, दोघीच.

तिसऱ्या पंचमीला आई म्हणाली, "आता सदा जाईल." घरात हशा पिकला. आबा म्हणाले, "आगं, ह्यो तिथं जाऊन बोलायचा काय? दोन दगुड एकामेकाकडं बघत बसत्याल!" पण दुसरं माणूस नव्हतं. आईनं मला चुलीपुढं बसवून भाषण पाठ करून घेतलं. "आवं मावशी, आमची आई तुमची लय आठवण काढती. आवं मावशी, वर्साचा सण हाय, पोरीचा जीव तिकडं लागलाय. दोनच दिस धाडा, तुमच्या पाया पडतो." मी तोंडपाठ म्हणून दाखवलं, नुसतं एका दमात. आईनं कपाळाला हात लावला आणि शिदोरीत दोन धपाटी जास्त घातली.

उंब्रजहून निघालो, गाड्या बदलत दहिवडी गाठली, तिथून म्हसवडच्या गाडीनं फाट्यावर उतरलो आणि माळातून चालत वाडीवर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. अक्का अंगणात होती. मला बघून तिच्या हातातली घागर डचमळली आणि पदर भिजला. "घुम्या?" ती म्हणाली, "तुला धाडलं?" तिच्या तोंडावर आनंद आणि निराशा एकदमच आली. मी शिदोरी पुढं केली. अक्का वाळली होती, पण बांगड्या तेवढ्याच होत्या. सासू ओसरीवर उभी होती. उंच, काटक बाई, कपाळावर मोठं कुंकू. तिनं मला पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा दिला आणि माझ्यापासून जरा अंतरावर बसली. मी पाठ केलेलं आठवू लागलो. ती काही विचारीना. कधी निघालास, घरी कसे आहेत, ऊस कसा आहे, काहीच नाही. आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मला छान वाटतंय. जन्मात पहिल्यांदा मी अशा घरात बसलो होतो जिथं कुणी "असा गप का?" म्हणून विचारत नव्हतं. रात्री बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि लसणाचा ठेचा जेवलो आणि ओसरीवर झोपलो.

सकाळी अक्कानं मला चुलीपाशी ओढलं आणि दबक्या आवाजात फैलावर घेतलं. तिचा दबका आवाज म्हणजे इतरांचा साधा. "बोललास का त्यास्नी? न्हाई ना? आरं, परवा पंचमी! आज न्हाई निघालो तर चुकली. आता ह्या टायमाला न्हाई आले तर मी परत कवाच येत न्हाई बघ, मेली म्हणा!" आणि डोळ्यांत टचकन पाणी. मी बाहेर आलो. सासू ओसरीवर सुपात हुलगे घेऊन निवडत होती. मी समोर बसलो. 'आवं मावशी' तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. मग हाताला चाळा म्हणून मीही सुपातले खडे वेचायला लागलो. तिनं सूप जरा माझ्याकडे सरकवलं.

आम्ही बराच वेळ निवडत होतो. माळावरून वारा येत होता, शेळ्या ओरडत होत्या, आत अक्का भांडी आपटून मला इशारे देत होती. आणि मला हळूहळू एक गंमत दिसायला लागली. अक्काच्या बांगड्या आत वाजत होत्या तोवर सासूचे हात भराभर चालत. अक्का घागर घेऊन विहिरीकडे गेली आणि आवाज लांब गेला तसे ते हात मंदावले. मग थांबलेच. खडा चिमटीत, नजर सुपात, कान मात्र वाटेवर. लांबून बांगड्या आणि अक्काचं गाणं ऐकू यायला लागलं तेव्हा तिनं खडा बाजूला टाकला आणि हात पुन्हा चालू झाले. मी ओळखलं हे. त्या एवढ्या माळात, पुरुषमाणसं मुंबईला, त्या घरात आवाज एकच होता. आणि अक्का गेल्यापासून आमच्या मळ्यात मी हेच करत आलो होतो. उसाला पाणी पाजायला दारे धरताना मध्येच थांबायचो, कान द्यायचो, आणि मग आठवायचं की ती इथं नाही.

अक्का पुन्हा आत गेली. मी मान खाली घालून सुपाला सांगावं तसं म्हणालो, "मावशी, ती गेल्यापासनं आमचं घर लय गप झालंय." हे आईच्या भाषणात नव्हतं. सासूनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. आणि मग माझ्या तोंडून जे बाहेर पडलं, ते मी आयुष्यात कधी ठरवून बोललो नसतो. आत ऐकू जाईल असं, चांगलं खणखणीत म्हणालो, "तुमीबी चला की पंचमीला."

आत उलथनं पडलं. ज्यांना ह्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: माहेरची पंचमी असते ती सासूपासून सुटका म्हणून. तिथं पदर खांद्यावर घेऊन हुंदडायचं, सासरची गाऱ्हाणी आईला सांगायची, फेरात सासूवरची गाणी म्हणायची. तिथं सासूलाच आवतण देणारा मुऱ्हाळी आमच्या पंचक्रोशीत त्याआधी झाला नव्हता, नंतरही ऐकला नाही. सासू उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

अक्का बाहेर धावत आली. "झालं! दादाच्या टायमालाबी आशाच ग्येल्या. आन काय रं, त्यास्नी कशाला चला म्हणलास? येडा का खुळा तू?" मी म्हणालो, "थांब." ती म्हणाली, "काय थांब? दादाबी अंगणात थांबून थांबून ग्येला." मी पुन्हा म्हणालो, "थांब जरा." मला माहीत होतं, का ते सांगता आलं नसतं. आत गेलेलं माणूस बाहेर यायला वेळ लागतो. माझ्याइतकं ते कुणाला कळणार? मी उरलेले हुलगे निवडत बसलो. सूप संपत आलं तेव्हा दार उघडलं. सासू ठेवणीतलं लुगडं नेसून उभी होती. एका हातात अक्काचं मोठं बोचकं, दुसऱ्या हातात स्वतःचं लहान. मागच्या दारानं जाऊन ती शेळ्या शेजारच्या जावेच्या दावणीला बांधून आली होती. माझ्या हातात मोठं बोचकं देत ती म्हणाली, "तुजा दादा थांबला न्हाई." एवढंच. म्हणजे त्या पहिल्या पंचमीलाही बाई अक्काचं बोचकं बांधायलाच आत गेली होती. बाहेर आली तर अंगण रिकामं. मग तिनं ते तसंच नेऊन पुन्हा सोडून ठेवलं असणार, आणि तोच सल पुढच्या वर्षी आबांना 'न्हाई' म्हणून मिळाला असणार. अक्का तेव्हा चुलीपुढं रडत बसली होती, तिला ह्यातलं काही दिसलंच नाही. आणि बाईनं ते तिला सांगितलं का? कसली सांगते.

दिवेलागणीला आम्ही आमच्या गल्लीत शिरलो. पुढं बोचकं घेतलेला मी, मागं सासू, तिच्या मागं डोक्यावर पदर ओढून, तोंड फुगवून अक्का. तिनं गाडीत माझ्याशी अबोला धरला होता, आणि अक्काचा अबोला म्हणजे केवढं मोठं काम ते मला कळत होतं. आई अक्काच्या नावानं ओरडत पळत आली, मधलं माणूस बघितलं आणि ओरडणं अर्ध्यावर सोडून पदर सावरू लागली. आबा बनियनवर बसले होते. त्यांनी उडी मारून सदरा शोधला, तो उलटा घातला. आईनं पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आरं, मुऱ्हाळी म्हणून धाडला हुता तुला! वऱ्हाड आणाया न्हवं!"

पुढचा दिवस भावाच्या उपासाचा. पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात. अक्का माझं तोंड बघायला तयार नव्हती, पण उपास तिनं सोडला नाही. घरात मात्र विचित्र प्रकार झाला. विहीणबाई आल्यात म्हणून सगळं घर कुजबुजायला लागलं. आबा घसा साफ करायला बाहेर जात. आई "मीठ वाढू का?" असं विचारी की जवळच्यालाही ऐकू येऊ नये. अक्का बांगड्या वर सारून, आवाज न करता भांडी ठेवत होती. आणि सासू ओसरीच्या कडेला बसून एकेकाकडे बघत होती, बुजल्यासारखी. तिला काय वाटत असेल ते मला दिसत होतं. आपण आलो आणि ह्या माणसांची तोंडं बंद झाली, असंच तिला वाटत असणार. मी गोठ्यात गेलो. आबा वैरण घालत होते. मी म्हणालो, "आबा, मोठ्यानं बोला." ते म्हणाले, "काय?" मी म्हणालो, "त्यास्नी आवाज आवडतो. तुमी गप बसला की त्यास्नी वाटतंय, नकोशा झाल्यात." मी सलग एवढं बोललो होतो हेच आबांना पचत नव्हतं. मग जेवायला बसले आणि घाबरत घाबरत, जरा मोठ्यानं, "मीठ" म्हणाले. सासूच्या ओठाचा कोपरा हलला. आबांना तेवढं पुरलं. रात्रीपर्यंत त्यांनी विहीणबाईंना सबंध पलटण ऐकवली, आणि आईनं मध्ये मध्ये त्यांचं सगळं खोटं कसं आहे ते. बाई पाठीला खांब टेकून ऐकत होती, डोळे मिटून, सुखानं.

पंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची आणि तूप ओतून खायची. पूजा झाली, दिंडं झाली आणि बायका चिंचेखाली जमल्या. मी झाडावर होतो. खाली फेर धरला गेला, गाणी सुरू झाली, सासूवरची गाणी सगळ्यांनी शहाणपणानं वगळली. अक्का एका बाजूला, कपाळापर्यंत पदर ओढून, हात पोटाशी बांधून. दोन वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो असा चालला होता, आणि तो मी असा केला होता. वर बसून मला ते बघवेना. मी दोराच्या गाठीला हात घालून बसलो.

तेवढ्यात सासू पुढं आली. बायका बाजूला झाल्या. तिनं अक्काचा पदर धरला आणि डोक्यावरून खाली खांद्यावर ओढला. "हितं गप ऱ्हायाला आलीयास व्हय?" ती म्हणाली. गाणी थांबली होती, त्यामुळे तो कोरडा, कमी वापरातला आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "तुजा भाऊ मला म्हणला, ती गेल्यापासनं आमचं घर लय गप झालंय. म्हणून मी आले. तुजा आवाज न्हाई आला तर मला तिकडं करमत न्हाई, त्याला हितं करमत न्हाई. वरड की जरा." त्या बाईचं एवढं मोठं भाषण अक्कानं दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. आयुष्यभरात मी माझ्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून इतकं सरळ ऐकलं ते त्या दिवशी. मी तिच्या मनातलं आबांना सांगितलं होतं, तिनं माझं अक्काला. आमच्यासारख्या माणसांना एकमेकांचं सांगता येतं, स्वतःचं येत नाही, हे मला तिथं फांदीवर बसून कळलं आणि इतका आनंद झाला की मी फांदीला मिठी मारली.

अक्कानं वर पाहिलं. ट्रकवर पाहिलं होतं तसंच. डोळे भरलेले. "घुम्या," ती ओरडली, "असं म्हणलास तू? खरंच म्हणलास?" सगळ्या बायकांच्या माना वर झाल्या. मला 'व्हय' म्हणायचं होतं. एवढाच तर शब्द. तो निघालाही होता, पण वाट लांब होती. मी गाठ पुन्हा एकदा आवळली, ओढून पाहिली आणि म्हणालो, "बस. दोर घट्ट हाय."

अक्का झोक्यावर चढली. उभी राहिली, गुडघे वाकवले आणि पहिल्या हेलकाव्यालाच अशी किंकाळी फोडली की पाटावरचे बगळे उडाले. सासू बुंध्याला टेकून उभी होती आणि अक्काच्या बांगड्यांच्या आवाजाबरोबर मान हलवत होती. पुढं दर वर्षी पंचमीच्या आधी माणहून कुणाबरोबर तरी निरोप यायचा, "त्यो घुमाच धाडा." मी जायचो, हुलगे निवडायचो आणि दोघींना घेऊन यायचो.

आता ती बाई नाही, आई-आबा नाहीत. अक्का आहे. ऐंशीच्या घरात आलीय, कानाला कमी येतं आणि त्यामुळे पूर्वीपेक्षाही मोठ्यानं बोलते. नातवंडं जमली की ही गोष्ट सांगते, आणि शेवटी दर वेळी सांगते, "मी इचारलं, खरंच म्हणलास का रं? तर ह्यो वरनं समद्या बायकांदेखत म्हणाला, व्हय." पोरं माझ्याकडे बघतात. मी तसं म्हणालो नव्हतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिला ते ऐकू आलं, तर मी कशाला बोलू?